खात्रीकाकूंचा सूर्य
काकूंना सगळे खात्रीकाकू म्हणत, आणि यात लोकांचा काही दोष नव्हता. ब्लाउज दोन दिवसांत होईल का? खात्रीने. बस वेळेवर येईल का? खात्रीने. बस येवो न येवो, काकूंची खात्री हजर. शिलाई मशीनवर बसून बाईनं चाळीस वर्षं लोकांची मापं घेतली आणि त्याच्या दुप्पट सल्ले दिले.

घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. गच्ची वरच्यांची, त्यामुळे स्वतःचं पॅनेल लावायची सोयच नाही. मग वायरमन असलेल्या धाकट्या दिरानं त्यांना सामाईक सौर योजनेत घातलं. शहराबाहेरच्या गोदामाच्या छतावर पॅनेल, त्यात एक वाटा काकूंचा. त्यानं सगळं समजावायला सुरुवात केली, पण काकू ऐकतील तर ना. ‘कळलं, कळलं,’ म्हणून त्यांनी सही ठोकली.

आतल्या खोलीत नवरा. निवृत्त बसड्रायव्हर, फुप्फुसं पार निकामी, दिवसरात्र ऑक्सिजनच्या मशीनला जोडलेला. वीज गेलीच तर असावा म्हणून कोपऱ्यात भाड्याचा भरलेला सिलिंडर उभा असे. वाटा मिळाल्यावर महिन्याभरात काकूंनी तो परत केला आणि तिथं कपाट सरकवलं.

“राहू दे की, तुझं काय खातोय तो,” नवरा म्हणाला होता.

“आपली वीज आता सूर्याची. तो काय संपावर जाणार आहे?”

मंगळवारी भर दुपारी ऑक्सिजनचं मशीन बंद पडलं. काकू दारात धावल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. सूर्य जागच्या जागी आणि घरात वीज नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरेचना. त्यांनी दिराला फोन लावला.

“वहिनी, पॅनेलची वीज सगळ्यांच्याच तारेत जाते, तुमच्या नावावर ती फक्त मोजतात. तार तुटली की शेजाऱ्यांची गेली तशी तुमचीही गेली. कोपऱ्यातला सिलिंडर लावा, मी निघालोच.”

काकूंनी कोपऱ्यातल्या कपाटाकडे पाहिलं. “येताना एक घेऊन या,” एवढंच कसंबसं म्हणाल्या.

वीस मिनिटं त्या नवऱ्याला पाठीमागून धरून बसल्या. त्याचे ओठ निळसर पडले, बोटं त्यांच्या मनगटात रुतली.

दिरानं येताच सिलिंडर जोडला, मास्क चढवला आणि मग कपाटाकडे बघून तो भडकला. “इथला परत दिला? कुठल्या शहाण्यानं?”

नवऱ्यानं मास्क बाजूला केला. “मी,” तो धापा टाकत म्हणाला. “मीच... सांगितलं हिला.”

जन्मात खोटं न बोललेला माणूस, आणि छातीत होता नव्हता तेवढा श्वास त्यानं काकूंना पाठीशी घालण्यात घालवला. त्यांनी मास्क परत त्याच्या तोंडावर बसवला आणि हातानं धरून ठेवला.

“मी दिला, भावोजी,” त्या म्हणाल्या. “हे नको म्हणत होते.”