दगडफुलाचा उपयोग

नोकरीच्या मुलाखतीतून बाहेर आलेली माझी विद्यार्थिनी घाटमाथ्यावरच्या आमच्या कॉलेजच्या दगडी कुंपणापाशी थांबली. उसन्या कोटाच्या खिशातून तिनं भिंग काढलं आणि कुंपणावरचं दगडफूल न्याहाळू लागली.

मुलाखती घ्यायला आलेले कंपनीचे साहेब माझ्या शेजारीच उभे होते. म्हणाले, "मॅडम, याचा आम्हाला काय उपयोग? मुलांना कामाचं काहीतरी शिकवा."

दगडफूल मसाल्यात पडतं, हे उत्तर अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. मसाल्यात पडत नसतं, तरी मी ते शिकवलंच असतं. तुमचं काम ही पोरगी महिन्याभरात शिकेल; असं थांबून बघायला तुम्ही तिला कधी शिकवणार?

"मॅडम, याला इवल्याशा वाट्या आल्यात!" ती तिकडून ओरडली.

साहेबांना अजून बोलायचं होतं.

"जरा थांबा," मी म्हटलं, "आमचं काम चाललंय."