आतून कडी काढणारी फिलूबाय

फिलूबाय संगणकाला शिव्या घालत काम करायची. आमच्या मच्छीमार सोसायटीत ती ऑपरेटर, मी कारकून. मशीन अडले की त्याच्या डोक्यावर थापटी मारून म्हणायची, "मेल्या, तुका काय व्हया तां तरी सांग!"

नवा संगणक आला, पण सभासदांचा जुना प्रोग्राम त्यावर चालेना. मग तिने नव्याच्याच पोटात, एका चौकटीत, जुनी सिस्टीम बसवली. मच्छीमारांच्या फोनवर संदेश धाडणारा मोडेम मात्र बाहेरच्या सिस्टीमच्या ताब्यात. त्यावर तिने दोन्हींत एक सामाईक फोल्डर ठेवला. आतून त्यात हुकूम लिहायचा, बाहेरची सिस्टीम तो उचलून पाळायची. मशीन विकणाऱ्याने कपाळाला हात लावला. "बाई, पाहुण्याच्या हाती घराच्या किल्ल्या देताय!"

फिलूबाय उसळली, "आणि भायरसून कडी लागली तर तेणा आतच मरूचा?"

तो चहा पिऊन गेला.

दिवाळीनंतरची दुपार होती. बंदरावरून फोन आला: वादळ येतेय, बोटी माघारी बोलवा. जुजे, तिने आईच्या मागे वाढवलेला एकुलता भाऊ, पहाटेच तारकर्लीच्या पुढे गेला होता. त्यात वीज गेली. यूपीएस कुंईकुंई करू लागला आणि आतली चौकट पडदाभर पसरून अडकली. बाहेर पडायची कळ दाबून दाबून बोटे दुखली. बंद करून पुन्हा सुरू करावे, तर यूपीएसमध्ये तेवढा दम नव्हता.

"बाय, आता गे?" मला रडूच फुटायचे बाकी होते.

"गप रव."

तिने आतूनच त्या सामाईक फोल्डरात हुकूम लिहिला. काही होईना. एक अक्षर चुकले होते. शिवी हासडून पुन्हा लिहिला, आणि मोडेमचा दिवा लुकलुकला. मी टाळ्याच पिटल्या.

तेवढ्यात भिंतीतल्या कपाटात पीक् झाले. मग दुसरे, तिसरे, वाजतच राहिले. खाऱ्या पाण्याने फोन बिघडतो म्हणून निम्मे लोक समुद्रावर जाताना तो आमच्याकडे चार्जिंगला ठेवून जात. तिने कपाट उघडले. जुजेचा फोन वरच होता, आणि त्यावर तिचाच संदेश: 'वादळ येता. बेगीन घराक येवा.'

ती परत खुर्चीत बसली. तोच हुकूम पुन्हा धाडला. कपाट वाजले. पुन्हा धाडला.

"पुरे कर गो, फिलूबाय," मी म्हणालो. यूपीएस मेला तेव्हाच ती थांबली.

ज्यांच्याजवळ फोन होते त्यांतले बरेच जण परतले. जुजेच्या बोटीची फळी तेवढी किनाऱ्याला लागली. जुजे नाही.

पुढे कितीतरी वर्षे बोटी सुटताना ती किनाऱ्यावर यायची. हातात प्लास्टिकच्या पिशव्या आणि सुतळी. प्रत्येकाचा फोन पिशवीत घालून, घट्ट बांधून, त्याच्या खिशात कोंबायची. कोणी कुरकुरलाच, "बाय, खाऱ्या पाण्यान फोन जातलो गे," की ओरडायची, "जांवदे! फोन गेलो तर दुसरो मेळतलो रे!"

पुढचे तिला कधीच बोलता आले नाही.