सासऱ्यांबरोबर डोंगरावर

लग्न होऊन मी देवगडकडून मुलुंडला आले तेव्हा पन्नास साल उलटून थोडेच दिवस झाले होते. आमची चाळ पश्चिमेला होती. चाळीच्या मागे भाताची खाचरं आणि खाचरांच्या मागे डोंगर. दोन खोल्यांत आम्ही चार माणसं: सासू, सासरे, माझे यजमान आणि मी. सासऱ्यांनी सगळं आयुष्य परळच्या गिरणीत काढलं होतं. छातीत कापूस बसायला लागल्यावर डॉक्टरांनी मोकळ्या हवेत राहायला सांगितलं, म्हणून फार पूर्वीच ते इकडे येऊन राहिले होते. आता गिरणी सुटली होती आणि लघवीतून साखर जाऊ लागली होती.

सासरे रोज सकाळी डोंगर चढायचे. "डागदरान सांगल्यान हा," एवढंच कारण ते द्यायचे. एकदा वाटेत चक्कर येऊन पडले, तेव्हापासून त्यांना एकटं सोडायचं नाही असं ठरलं. यजमान कारखान्यात पहिल्या पाळीला जायचे. सासूबाईंचे गुडघे धरलेले. उरले मी.

सुनेने सासऱ्याबरोबर डोंगरावर जायचं, ही गोष्ट चाळीला नवी होती. नळावरच्या बायका मला बघून बोलायच्या थांबत. पण मी खूश होते. घरात खिडकी उघडली की समोरच्यांची भिंत दिसायची. मला झाडं बघायची होती, लांबचं बघायचं होतं. पदर खोचून, जुन्या वहाणा घालून मी निघायची ती जणू माहेरी निघाल्यासारखी.

पहिल्याच दिवशी माझा हिरमोड झाला. मामंजी मान खाली घालून चढायचे. हातात काठी, अंगात बंडी, डोकीला मफलर. अर्ध्या वाटेवर पोचलं की पूर्वेला झाडी विरळ व्हायची आणि खालची घरं, शेतं दिसायला लागायची. मी तिथे थांबले.

"काय बघतंस गो?" ते पुढून ओरडले.

"खालचं सगळं दिसतंय, मामंजी. या ना, बघा तरी."

"डोंगर चढूचो असता, बघूचो नसता. चल. अंग थंड पडला तर चढान फुकट."

ते वळलेही नाहीत. मला वाटलं, असतात अशी माणसं. गिरणीतला माणूस, विणायच्या साच्यावरची नजर हलू द्यायची नाही हीच सवय. तब्येतीसाठी चढायचं म्हटल्यावर चढायचं. मी मात्र चोरून बघायची. ते वळणाआड गेले की थांबायची, डोळे भरून घ्यायची आणि मग पळत त्यांना गाठायची.

हळूहळू काही गोष्टी माझ्या लक्षात यायला लागल्या. ते काठीने करवंदीच्या जाळ्या बाजूला करायचे. मी समजले, साप असेल म्हणून. पण सापाला भिणारा माणूस काठी आपटून पुढे जातो, जाळीत वाकून बघत नाही. उतारावर एक कोरडा ओढा होता. तो आला की ते वाट सोडून काठावर जायचे आणि खालपर्यंत नजर फिरवून परत यायचे. आणि वळणावर वळण्याआधी मोठ्याने खाकरायचे. कुणाच्या दारात पाय टाकण्याआधी पुरुष माणूस खाकरतो, तसे. वळणापलीकडे तर कुणीच नसायचं.

एक दिवस सासूबाई आणि मी सुकट निवडत बसलो होतो. मी सहज म्हणाले, "मामंजींची नजर भारी चौकस आहे हो. एक जाळी सोडत नाहीत. काही हरवलंय का त्यांचं वर?"

सासूबाईंचा हात सुकटीत तसाच राहिला. मग त्या दाराकडे बघून हळू म्हणाल्या, "तुका कोणी सांगला नाय?"

मला कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या यजमानांना एक मोठा भाऊ होता, हे मला तेव्हा कळलं.

अंगाने किरकोळ होता म्हणे, आणि अबोल. मामंजींची इच्छा होती की त्याने गिरणीत मरू नये, पोलिसात जावं. भरतीला धावावं लागतं, छाती फुगवून दाखवावी लागते. म्हणून ते त्याला पहाटे उठवून डोंगरावर पिटाळायचे. दूध द्यायचे, भिजवलेले चणे द्यायचे. महिने झाले तरी छाती भरेना. मग एक दिवस मामंजी त्याच्या मागोमाग गेले. हा आपला वरच्या कातळावर पाय सोडून बसलेला, समोर बघत.

"सगळ्या वाटेन बोलत आणल्यानी त्याका," सासूबाई म्हणाल्या. "चाळीत सगळ्यांच्या देखत इचारल्यानी, डोंगर बघूक धाडतंय काय तुका? तो काय एक बोललो नाय. दुसऱ्या दिवसापासून धावाक लागलो. घामान भिजान येयत. आणि मगे एक दिवस गेलो तो इलोच नाय."

चाळीतल्या पुरुषांनी डोंगर पालथा घातला होता. पोलिसांत कळवलं होतं. कुणी म्हणालं वाघाने नेलं, कुणी म्हणालं पळून गेला. कपडा नाही, वहाण नाही, रक्ताचा डाग नाही. काहीच मिळालं नाही.

"साखर तर आता आता झाली गो त्यांका," सासूबाई परत सुकटीला लागत म्हणाल्या. "डोंगर ते कवापासून चढतत."

दुसऱ्या दिवशी मी मामंजींच्या मागे निघाले, पण माझं बघणं गेलं होतं. अर्ध्या वाटेवर झाडी विरळ झाली, खालची शेतं दिसली, आणि माझे डोळे तिथे टिकेनात. ते आपोआप जाळीकडे जायचे. वाळलेला ओंडका दिसला की त्याला हातपाय फुटायचे. ओढ्याच्या काठी मामंजी वाकले की मी श्वास धरून उभी राहायची, की आता हे काय बोलतील. आणि ते खाकरले की माझ्या अंगावर काटा यायचा. आता मला ठाऊक होतं ते कुणासाठी खाकरतात. अचानक बापाला समोर बघून पोराने दचकू नये, म्हणून.

मला त्याचा चेहराही माहीत नव्हता. घरात फोटो नव्हता. त्यामुळे झालं असं, की वाटेत दिसणारा प्रत्येक अनोळखी तरुण मला तोच वाटायचा. यजमानांना मी एकदा विचारलं, तुमचा भाऊ दिसायला कसा होता? ते कूस बदलून म्हणाले, "माझ्यासारखा." नंतर कितीतरी दिवस मला त्यांच्याकडे नीट बघवलं नाही.

पौषातली एक सकाळ होती. धुकं इतकं की मामंजींची पाठ तेवढी दिसत होती. आम्ही वरपर्यंत पोचलो. कातळ आला की मामंजी नेहमी त्याला वळसा घालून माघारी फिरायचे, त्यावर कधी पाय ठेवायचे नाहीत. त्या दिवशी ते मध्येच थांबले. कातळावर कुणीतरी बसलं होतं. पाठमोरं, अंगावर काहीतरी पांघरलेलं, पाय खाली सोडलेले.

मामंजी खाकरले. मग अगदी साध्या आवाजात, घरात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "इलंस?"

ती आकृती वळली. गवत कापणारी एक बाई होती. भारा शेजारी ठेवून दम खात बसली होती.

"काय रं बाबा?" ती म्हणाली.

बाईने एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, भारा डोक्यावर चढवला आणि ती उतरून गेली. गवत सळसळल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मामंजी काठीवर भार टाकून वाकले. मी त्यांना धरलं आणि बसवण्याजोगी दुसरी जागाच नव्हती म्हणून त्या कातळावर बसवलं.

आम्ही तसेच बसून राहिलो. ऊन वर आलं तसं धुकं फाटायला लागलं. आधी चाळींची कौलं दिसली, मग रेल्वेचे रूळ, आणि त्यापलीकडे सपाट चमकणारी चौकोनी तळी.

"ता पांढरा काय?" मामंजींनी विचारलं.

"मिठागरं. मिठाचे ढीग आहेत ते."

"आणि पलीकडे?"

"खाडी. ते शीड दिसतंय ना, तो मचवा आहे. समुद्राकडे चाललाय."

ते बघत राहिले. इतकी वर्षं रोज इथवर येणारा माणूस, आणि पाठ फिरवून उतरणारा. "एवढा दिसता हयसून?" ते म्हणाले. मग शिडाकडे बघत, "पोरान कधी सांगल्यान नाय." आणि लगेच, "मियाच कधी इचारलंय नाय."

उठताना त्यांनी काठी उचलून आधी खालच्या झाडीकडे दाखवली, मग खाडीकडे. "खंय गेलो आसतलो, गो? हय की थंय?"

मी म्हणाले, "थंय."

त्यानंतर त्यांचं डोंगर चढणं बदललं. जाळ्या बघणं सुटलं नाही, पण वर पोचलं की ते कातळावर बसायचे. ऊन चढेपर्यंत बसायचे. मी शेजारी बसायची, बघायची हौस आता उरली नव्हती तरी. शिडं दिसली की ते बोटाने दाखवायचे. शीड दिसेनासं होईपर्यंत त्यांची नजर हलायची नाही.

घरी यायला उशीर व्हायला लागला. साखर वाढली. डॉक्टरांनी यजमानांना बोलावून सांगितलं, की चालणं पुरत नाही. यजमान घरी येऊन वैतागून म्हणाले, "बाबा, व्यायामाला धाडतो की डोंगर बघायला धाडतो तुम्हाला?"

सासूबाईंच्या हातातलं भांडं खाली पडलं. यजमानांनाही आपण काय बोललो ते उमगलं असावं. ते तसेच बाहेर निघून गेले. मामंजी जेवत होते. त्यांनी पुढचा घास घेतला, चावला आणि म्हणाले, "बरोबर इचारलंस." पण यजमान ते ऐकायला आत नव्हते.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजींच्या पायात करवंदीचा काटा गेला. आधी कुणी मनावर घेतलं नाही. साखरेच्या माणसाची जखम भरत नाही हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पाय काळा पडला, ते अंथरुणाला खिळले. मग ते मला म्हणायचे, "तू जाऊन ये." मी एकटी जायची. भीती वाटायची, तरी जायची. परत आले की ते विचारत आणि मी सांगायची: पळस फुललाय, ओढा कोरडा आहे, एक मचवा वसईच्या बाजूने आला. मी पाहिलेलं नसलं तरी सांगायची. दुसरं कुणी दिसलं का, असं त्यांनी तोंडाने कधी विचारलं नाही. माझं सांगून संपलं की ते थोडे थांबायचे, आणि मी गप्प राहिले की डोळे मिटायचे. पावसाळ्याच्या तोंडावर ते गेले.

त्यांचं दिवसकार्य उरकल्यावर गावचे भटजी म्हणाले, हरवलेल्या माणसाची वाट बारा वर्षं बघायची, नंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा. बारा वर्षं होत आली आहेत. थोरल्याचंही करून टाका, नाहीतर जीव अडकून राहतो. यजमानांनी सासूबाईंकडे बघितलं.

"आधी माका वर नेवा," त्या म्हणाल्या.

पाऊस संपल्यावर आम्ही दोघांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेलं. जिथे झाडी विरळ होते तिथपर्यंतच त्यांचे गुडघे चालले. त्या वाटेतच बसल्या. खालचं हिरवं रान, शेतं, सगळं उन्हात नुसतं झळकत होतं. त्यांनी तिकडे बघितलंही नाही. झाडीकडे तोंड करून त्यांनी त्याच्या नावाने हाक मारली. ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. पोर जेवायला यावं म्हणून मारावी तशी हाक होती ती, लांबवलेली. कुठेतरी एक पक्षी उडाला. मग काहीच नाही.

सासूबाई कान देऊन बसल्या होत्या. मी यजमानांकडे पाहिलं, तर तेही मान वाकडी करून ऐकत होते. मीही ऐकत होते.

"चला," शेवटी त्याच म्हणाल्या. "भटाक सांग, करूया म्हणून."

उतरताना त्या मध्ये होत्या आणि मी सगळ्यात मागे. मागे वळून बघायचं माझं धाडस झालं नाही.