उपाशी ठेवायचे मासे

उशिरा लिहितोय, माफ करा. दिवाळीआधी शैलाची आई गेली, तेव्हा तुम्ही सगळ्यांनी या ग्रुपवर धीराचे शब्द लिहिले होते.

काल रात्री शैलाचा, आमच्या मुलीचा, पुण्याहून फोन आला. थंडी वाजून ताप येतोय, उद्या रक्त तपासून घेते म्हणाली. आज सकाळपासून मी दारातल्या हौदाजवळच घुटमळतोय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आमच्या खोडदला नळ एक दिवसाआड यायचा, त्यामुळे हौद कधी रिकामा करता यायचा नाही. तापाची साथ आली आणि आरोग्य सेवक बरणीत गप्पी मासे घेऊन दारात उभे राहिले.

शैलाची आई माळकरी. घरात अंडंसुद्धा येत नसे. "मासं? आन् माझ्या दारात?" म्हणून ती आडवीच आली.

"काकू, कालवणाला न्हाई आणलं. डासांच्या अळ्या खात्यात हे. ऱ्हाऊ द्या पाण्यात."

तिने राहू दिले. पुढे तर माया लागली... चपात्या करताना कणीक बाजूला काढायची, मोहरीएवढ्या गोळ्या करून हौदात टाकायची. तिची सावली पडली की मासे वर यायचे.

मग तिलाच हुडहुडी भरली. घरातल्या सगळ्या गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे. दुपारी घामाने चिंब, दुसऱ्या दिवशी बरी, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्त तपासलं, मलेरिया निघाला. शैला तेव्हा एवढीशी होती. ही गेली तर पोरीचं काय, याशिवाय मला दुसरं काही सुचत नव्हतं...

आरोग्य सेवकांनी हौदात डोकावून पाहिलं. कडेला अळ्या वळवळत होत्या आणि मासे मात्र गुबगुबीत.

"काकू, ह्यांना काय घालता?"

गोधडीतून आवाज आला, "कणीक. दारात आल्याला उपाशी ठिवू व्हय?"

"अवो, प्वाट भरल्यावर अळ्या कशाला खातील? तुमी तर जावई करून ठिवलेत!"

मी हसलो. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

गोळ्यांनी ती उठली, पण कणीक बंद झाली. हौदावर गेली की हात पदराखाली घ्यायची आणि हळूच म्हणायची, "आज न्हाई रं लेकरांनो." मासे रोडावले, अळ्या दिसेनाशा झाल्या. घरात पुन्हा तसा ताप आला नाही. माशांना पिल्लं होत गेली, पिढ्या बदलल्या, तिचे शब्द तेच राहिले.

ती गेल्यापासून हौदाकडे बघवत नव्हतं. आज वाकून पाहिलं... माझी सावली पाण्यावर पडली आणि सगळे मासे वर आले. तोंडं उघडी.

ज्यांना कधी कोणी काही घातलं नाही, ते असे वर येत नाहीत. म्हणजे पदराखालचा तिचा हात रिकामा नव्हता... अळ्या खाण्याइतकी भूक ठेवून ती थोडं थोडं घालतच होती. मलाही कळू दिलं नाही.

कणीक किती घालायची, हे तिने सांगितलंच नाही.

शैला, तुझा फोन लागत नाही. हे वाचलंस तर रक्ताचा रिपोर्ट काय आला ते कळव. पुण्यातल्या मंडळींपैकी कोणी तिच्या घराजवळ असेल, तर जरा डोकावून या आणि लगेच दोन ओळी टाका... मी फोन हातात घेऊनच बसलोय.