मुग्धाचा अर्ज आणि तिसरी हाक

नाशिकच्या कोर्टात शिपाई म्हणून लागलो, त्या दिवशी व्हरांड्यातून एक हाक ऐकली. जुना पट्टेवाला पक्षकाराचं नाव पुकारत होता. एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्या हाकेलाही ओ आली नाही की माणूस गैरहजर! पुढं तीस वर्षं ती हाक मीच दिली. रिटायर झालो तरी गेटबाहेर टायपिस्ट गांगुर्डेंच्या टेबलाशी बसतो. तिथं किस्से गोळा करावे लागत नाहीत, धुळीसारखे आपसूक साचतात. यंदाचे सगळे माझ्या नातीचे, मुग्धाचे.

*

मुग्धा वकील झाली. घरात आम्ही दोघंच. आता तिला पुढं शिकायला इंग्लंडला जायचंय. तिथलं कॉलेज नुसते मार्क बघत नाही. 'वकिलीच का?' हे दोन पानं लिहून मागतं. पर्सनल स्टेटमेंट.

"स्टेटमेंट ना? आण इकडं!" गांगुर्डे म्हणाले. अर्ध्या तासात कागद तयार. "मी, मुग्धा सुनील अहिरे, वय २३, धंदा शिक्षण, राहणार पंचवटी, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की..." खाली दोन साक्षीदारांच्या सह्यांना जागासुद्धा!

मुग्धा हसून हसून बाकावर बसली. गांगुर्डे दुखावले. "पोरी, या मजकुरावर आजवर एका साहेबानं ऑब्जेक्शन घेतलं नाही!"

*

शेजारी स्टॅम्प विकणाऱ्या शेवंताबाई म्हणाल्या, "थोडं रडूबिडू घाल. जजला पाझर फुटतो."

"मावशी, तिथं जज नसतो."

"मग निकाल कोण देतं?"

आमच्या वकीलीणबाईनं कागद उचलला आणि घर गाठलं!

*

शेवटी तिनं स्वतः लिहिलं, मला वाचून दाखवलं. सगळं इंग्रजी. मी सातवी पास.

"लय भारी," मी म्हणालो.

"आबा, कळलं काय?"

"नाशिक दोनदा आलं."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आता तीनदा आहे. तुमच्यासाठी!"

*

गांगुर्डेंनी विचारलं, "ही गेल्यावर तुमच्या जेवणाचं काय?"

"भात येतो मला," मी म्हणालो.

मुग्धा मागेच उभी होती. त्या आठवड्यात अर्ज गेलाच नाही. नेट नाही म्हणाली. सिनेमे मात्र दिसत होते मोबाइलवर!

*

शेवटच्या तारखेला ती टेबलाशी आली. मोबाइलवर अर्ज उघडा.

"आबा, राहू दे ना. इथंच प्रॅक्टिस करते."

मी उठलो. घसा खाकरला.

"मुग्धा सुनील अहिरे!"

गेटवरचे लोक वळून बघायला लागले.

"मुग्धा सुनील अहिरे!"

"आबा, काय हे..."

मी तोंडावर बोट ठेवलं. मग तिसरी हाक दिली. इतकी लांब हाक मी नोकरीतसुद्धा दिली नव्हती.

गांगुर्डे मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "गैरहजर."

मुग्धानं मोबाइलवर 'सबमिट'वर बोट दाबलं, बॅग खांद्याला लावली आणि बसस्टॉपकडं चालू लागली.