किसनने दात पाहून घेतलेला कन्सोल

फोन आला तेव्हा मी शहापुरात खड्ड्यांवरचं पत्रक छापायला देत होतो. किसन गेला. मुरबाडहून घरी येताना मोटारसायकल खड्ड्यात आपटली. सगळे अपघात म्हणतात. मी म्हणत नाही. पावसाळ्यामागून पावसाळे तसाच ठेवलेला खड्डा अपघात कसा? पत्रक नंतर वाटलं. त्यात किसनचं नाव घालायला मात्र हात चालला नाही...

किसन सिद्धगडाच्या बाजूच्या एका पाड्यावरचा. मुरबाडात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवायचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. मी मोर्चे काढायचो, तो जुने गेम कन्सोल उघडून बसायचा. पाड्यावरच्या पोरांसाठी, त्यांच्याच बोलीत, त्यानं एक गेम बनवायला घेतला होता. पण कंपनी कन्सोलवर बाहेरचं काही चालू देत नाही. वस्तू आपण विकत घ्यायची आणि किल्ली विकणाऱ्याच्या खिशात! मी यावर तावातावानं बोलायचो. किसन शांतपणे सांगायचा, "अरे, पयल्या खेपेच्या कन्सोलच्या आतल्या बोर्डात त्यांचीच चूक राहिलीय, तिथून आपला गेम घुसवता येतो. विकून झालेल्या बोर्डात ती त्यांनापन बुजवता येत नाय. नंतरच्या बोर्डात बुजवलीय. आपल्याला जुना बोर्ड पायजे, बस."

तसा बोर्ड असलेला जुना कन्सोल घ्यायला आम्ही कल्याणला गेलो. दुकानदारानं कन्सोल उलटा करून मागचं स्टिकर दाखवलं. "नंबर बघ ना भाऊ, जुनाच आहे."

"स्टिकर कवराला हाय. कवर बदलतात. उघडून दाखवा."

"मुलगी बघायला आलायस का?"

"बैल बघायला आलोय," किसन म्हणाला.

खोटं नव्हतं ते. त्याचे वडील बाळूकाका म्हसा गावच्या जत्रेत बैलाच्या रंगवलेल्या शिंगांकडे बघतसुद्धा नाहीत. आधी तोंड उघडून दात बघतात, मगच दाव्याला हात लावतात. किसन त्यांच्याबरोबर हिंडून हेच शिकलेला. कन्सोल उघडला तर आत बोर्ड नवा निघाला. दुकानदार पुटपुटत राहिला, आम्ही पुढच्या दुकानात. तिथंही तेच. संध्याकाळी एकदाचा जुना बोर्ड सापडला. मी वैतागून विचारलं, एवढं कशाला? "उद्या कोनी अपडेट मारला तर? नव्या बोर्डात सगला बंद व्हईल. यात परत उघडता येतं. ये, तुला दाखवून ठेवतो."

त्यानं दाखवून ठेवलं. मला वाटलं, नुसती हौस.

तेराव्यानंतर किसनच्या मामेभावानं काकांना गेम दाखवावा म्हणून कन्सोल मोबाइलच्या नेटला जोडला. पडद्यावर अपडेटचं विचारलं, त्यानं भल्या मनानं होकार दाबला. गेम उघडेना. काकांनी मला बोलावून घेतलं. मामेभाऊ भिंतीकडे तोंड करून बसला होता. काका एवढंच म्हणाले, "किसननी केलेलं गेलं का रे सगलं?"

मी लॅपटॉपची तार जोडली, किसननं शिकवलं होतं तसं केलं. मनात एकच, बोर्ड खरंच जुना असू दे. पडदा बराच वेळ काळा राहिला... मग भाताचं शेत दिसलं. शेतात राखणीचा माळा, कडेनं येणारी रानडुकरं. बटण दाबलं की डुकरं हाकलायची आरोळी उठते. ती किसनच्या आवाजात आहे हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. काका उठून अंगणात गेले.

गेममध्ये शेत एकच आहे. दुसरं डोळखांबकडच्या पोरांच्या आवाजात करायचं असं आमचं ठरलं होतं. माझ्या ओळखीचे पाडे, त्याचं काम. आता ते शेत होणार नाही. खड्डा बुजेल कदाचित, पत्रकं वाटून वाटून. हे नाही.

परवा पाड्यावर गेलो तर पोरं तक्रार घेऊन आली. "दादा, काकांना सांग ना. डुकरं आली नसली तरी बटान दाबत बसतात. आमची पालीच येत नाय."

मी पोरांनाच अंगणात खेळायला नेलं.