तिरळी लक्ष्मी आणि अण्णाचा पाट

अण्णा गेल्याची बातमी आली तेव्हा माझी अर्धीच दाढी झाली होती. जयनगरच्या न्हाव्याकडं बसलो होतो. आमच्या चामराजपेटेत न्हावी नाहीत असं नाही, पण ह्याच्याकडं भिंतभर आरसा आहे आणि मला स्वतःला सगळंच्या सगळं बघायची हौस. दुकानातला फोन वाजला. शेजारच्या अक्का होत्या. "लगेच या, अण्णा हाक मारली तर उठत नाहीत." मी कुठं आहे हे अक्कांना ठाऊक होतं, कारण मी कुठंही जाताना सांगून जायचो. आमच्यापैकी एका वेळी एकानंच बाहेर पडायचं, हा घरचा कायदा. त्याचं कारण सांगतोच. फेस पुसत रिक्षात बसलो. पोचलो तेव्हा अण्णा पाटावर भिंतीला टेकून बसलेला... झोपल्यासारखा.

अग्नी मीच दिला. सुतकात दाढी करायची नाही, म्हणून दहा दिवस एक गाल गुळगुळीत आणि एक गाल अस्वलाचा. भेटायला आलेल्या बायका माझ्याकडं बघून पदर तोंडाला लावायच्या. त्यातलं रडणं किती आणि हसणं किती, देवाला माहीत. अण्णा असता तर म्हणाला असता, "एक काम तरी पुरं कर रे, गाढवा."

अण्णा माझा चुलतभाऊ, वीस वर्षांनी मोठा. वहिनी लवकर गेली, मूलबाळ नाही. आमचे कोण पणजोबा-खापरपणजोबा तंजावरच्या मराठी राजांच्या काळात खाली उतरले, तिथून म्हैसूर, मग इथं. पिढ्यान् पिढ्या फळीवर देव रंगवायचे. ही विद्या माझ्यापर्यंत येता येता दमली. मी तिसरीत तीनदा बसलो. हेसुद्धा मी बोलतोय आणि भाची लिहितेय, "मामा, स्वल्प हळू," म्हणत. तिशीपर्यंत चार नोकऱ्यांनी मला सोडलं, तेव्हा अण्णाकडं आलो. माझं काम खडू आणि डिंक खलायचा, त्यानं दागिन्यांची नक्षी उठवायची, वर सोन्याचा वर्ख बसवायचा. मला शिंक आली की देवीचा मुकुट छपराला.

काम करता करता अण्णा शिकवायचा. म्हणायचा, "हे चित्र नव्हे रे. देवीला हात किती, कमळ कुठल्या हातात, अंगकांती कशी, सगळं श्लोकात ठरलेलं. आपण श्लोकाला रंग लावायचा, आपली अक्कल घालायची नाही. तुला बरं आहे." आणि त्याच तोंडानं सांगायचा, की एवढं ठरलेलं असूनही जो आला तो आपलं काही ठेवून गेला. तंजावरला गुबगुबीत लोणीचोर आवडला, म्हैसूरला नाजूक देवी. "देवी आपली, कमानीवरची वेल सुलतानांच्या वेळची, दागिन्यांतली काच गोऱ्या साहेबाच्या बोटीतून आलेली, आणि चिकटवणारं गाढव घरचं. एवढे सगळे मिळून एक लक्ष्मी होते."

डोळे मात्र शेवटी. डोळे काढेपर्यंत ती फळी. खाली ठेवा, वर चहाचा कप ठेवा, चालतं. डोळे काढले की देव. मग ज्या घरात डोळे उघडले तिथं रोज दिवा आणि नैवेद्य. म्हणून अण्णा डोळे गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, अंघोळ करून, उपाशीपोटी काढायचा. त्या बारीक कुंचल्याला हात लावायची मला बंदी होती.

नव्वद-एक्याण्णव साल असेल. काम्प्युटरवाल्यांच्या कंपन्या नुकत्या यायला लागल्या होत्या. एका साहेबानं हापिसासाठी लक्ष्मी सांगितली. उद्या न्यायची आणि अण्णा तापानं झोपला. माझं तेव्हा पुण्याचं ठरलं होतं. मावसभाऊ पाट्या रंगवायचा, ये म्हणाला होता. आठवड्यानंतरचं तिकीट ट्रंकेत. मनात आलं, जाण्याआधी अण्णाला दाखवावं की गाढवालाही हात आहे. त्याच्या पाटावर बसलो, कुंचला उचलला आणि लक्ष्मीचे डोळे काढले. डावा झकास आला. त्याच्या खुशीत उजवा घसरला. एक डोळा माझ्याकडं, दुसरा स्वयंपाकघराकडं... भात लागला का बघतेय असा.

अण्णा उठून आला. चित्राच्या अगदी जवळ नाक नेऊन बराच वेळ उभा राहिला. मला वाटलं आता कुंचला पाठीत बसणार. तो हळूच म्हणाला, "डोळे कुठं उघडले तिनं?"

"इथंच."

"पहिल्यांदा बघितलं कुणाला?"

"मला. म्हणजे... अर्धं."

"सरी, ठीक आहे. मग ती तुझी. आता पुसणं म्हणजे देवीचे डोळे फोडणं. विकता येत नाही, टाकता येत नाही. रोज संध्याकाळी दिवा तूच लावायचा."

साहेबाला दुसरीकडून लक्ष्मी घ्यायला सांगितलं. पुण्याचं तिकीट ट्रंकेतच पिवळं पडलं. सहा वर्षं मी दिवेलागणीच्या आत घरी. मित्राचं लग्न म्हैसूरला, मी इथं. भाच्याचं बारसं हुबळीला, मी इथं. घरात ती एकटी राहायला नको म्हणून मी बाहेर असलो की अण्णा राखणीला. कधीकधी दिवा लावताना तिला म्हणायचो, बाई, तू तरी दुसरीकडं बघ. ती बघायचीच. अण्णानं त्यानंतर कुणाचेच डोळे काढले नाहीत. गिऱ्हाइकांना सांगायचा, "डोळे तुमच्या भटजींकडून उघडून घ्या, खरं शास्त्र तेच." मला वाटायचं, माझ्या पापाचं प्रायश्चित्त घेतोय बिचारा.

बाहेरून आलो की तो पाटावरून विचारायचा, "कोण?" मी म्हणायचो, "गाढव आलंय." मग तो म्हणायचा, "ये, दिवा लाव." रोजचं.

तेराव्याला गुरुजी आले. दक्षिणेआधीच मी विचारलं, ह्या बाईचं आता काय? ते म्हणाले, "त्यात काय? तुम्ही ओल्या कापसानं डोळे पुसायचे, मी मंत्र म्हणतो, फळी पाण्यात सोडायची. अर्ध्या तासाचं काम. अण्णांना ठाऊक होतं की. तेव्हाच विचारून गेले होते. मी म्हटलं, उद्याच करू. तर म्हणाले, नको, तो जाईल."

मी हसलो. सवय. मग मागल्या दारी जाऊन बसलो. अण्णाला अशा शिव्या दिल्या, की भाची त्या लिहीत नाहीये. सहा वर्षं मला देवीनं नव्हतं धरलं, म्हाताऱ्यानं धरलं होतं!

त्या रागातच त्याचं सामान उपसायला काढलं. पाटाजवळच्या पेटीत, रंगांच्या पुड्यांखाली, कागदांची गुंडाळी होती. उलगडली. नुसते डोळे. ओळीनं डोळेच डोळे, कोपऱ्यात त्याच्या हातानं घातलेल्या तारखा. वरचे रेखीव. खाली खाली येताना जाड, मग वाकडे, मग एक डोळा दुसऱ्यावर चढलेला. शेवटच्या कागदावर कुंचला कागदाबाहेर गेलेला. भाचीकडून तारखा वाचून घेतल्या. साहेबाच्या लक्ष्मीच्या आधीच्या... म्हणजे ताप खरा असेल नसेल, पण त्या दिवशी अण्णाला ते डोळे काढता येणारच नव्हते. त्याला नीट दिसत नव्हतं; नक्षी नुसती बोटांच्या सवयीनं चालली होती. आणि हे त्यानं कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. माझी तिरळी लक्ष्मी बघायला त्याला नाक लावावं लागलं, ते मला तेव्हा दिसलं नाही. माझे डोळे तर चांगले होते.

गुरुजी म्हणाले शुक्रवारी करू. तीन शुक्रवार झाले. दर वेळी कापूस भिजवतो, तिच्यासमोर उभा राहतो, कापूस हातातच वाळतो. गुरुजी म्हणतात, "सावकाश, घाई नाही." पुण्याचा मावसभाऊ अजून ये म्हणतो. दार उघडंच आहे, कायदाही गेला. काल ठरवून दिवेलागणीला जयनगरला गेलो, दहाव्यानंतर पुन्हा वाढलेली दाढी नीट करून घ्यायला. भिंतभर आरशात पूर्ण चेहरा दिसला आणि बघवेना. न्हावी म्हणाला, "बसा की, कॉफी घ्या." मी उठलोच होतो.

घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. कडी काढली, उंबऱ्यावर थांबलो. आतून कुणी विचारलं नाही. मीच म्हणालो, "गाढव आलंय." वात लावली. ती एका डोळ्यानं माझ्याकडं बघत होती, आणि दुसऱ्यानं स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलेल्या अण्णाच्या पाटाकडं.